आपल्या घरातले तीन डोळे

कोसमटोला उपकेंद्र,
ता. एटापल्ली
२१ जून २००३

ती. बाबांना,
दामिनीचा जयभीम.

पत्राला उशीर झाला. मन ठिकाणावर नव्हतं. घाबरू नका, मला काही झालेलं नाही, फक्त चष्मा फुटला. पण तो कुठे फुटला हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

नाल्यापलीकडच्या छोट्या वस्तीत, टोल्यावर, सुकरी नावाची बाई राहते. पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या तसा तिचा नवरा झिंगू मला बोलवायला आला. झोपडीत चूल पेटलेली, धूर कोंडलेला, अंगाला घाम. मी वाकले, काचांवर वाफ धरली आणि चष्मा घसरून खाली पडला. सुईण सोमारी गरम पाणी घेऊन येत होती, तिचा पाय नेमका त्यावर पडला. दोन्ही काचा गेल्या.

बाळ झालं, पण रक्त थांबेना. आणि बाबा, मला हातभर अंतरावरचं काही दिसत नव्हतं. नुसतं लाल धुरकट. इंजेक्शनची बाटली नाकाला लावून नाव वाचलं आणि दिलं. पुढचं सगळं बोटांनी चाचपून केलं. सोमारीला एकच विचारत होते, थांबलं का, थांबलं का. ती माडिया बोलणारी, माझं तिला कळेना, तिचं मला. शेवटी तिने माझा हात धरून खालच्या कापडावर ठेवला, तेव्हा समजलं की नवीन ओल येत नाहीये.

सुकरी जगली. मुलगी झाली, चांगली आहे. पण आता कुणी बोलवायला आलं की जुन्या नंबरचा चष्मा दोरीने मानेत अडकवून जाते.

नागपूरला आता लेझरने चष्म्याचा नंबर काढतात. माझा साडेसात आहे, सव्वीस वय झालं, नंबर वाढायचा थांबलाय. आमचे वैद्यकीय अधिकारी म्हणाले, तुझ्यासारखीने तर करूनच घ्यावं. मी करायचं म्हणते. मला त्याची भीती नाही. रोज दुसऱ्यांना सुया टोचते, मला कसली भीती. फक्त सोबत घरचं माणूस लागतं. आई असती तर तीच आली असती. आता तुम्हीच.

तुमची
दामिनी

*

मूल
३ जुलै २००३

चि. दामिनी,
जयभीम.

तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचलो. जरा मोठं लिहित जा, मुंगळ्यायची रांग लागल्यावानी लिहितेस.

ते बाई वाचली, लय चांगलं झालं. तुझी माय असती तं गल्लीभर सांगत फिरली असती. पण बाकीचं पत्र वाचून जेवण गेलं नाई त्या दिवशी.

माझ्या डाव्या डोळ्याची कहाणी तुले अर्धीच माहीत आहे. मी लहान होतो, अंगणात धानाचं चुरणं चालू होतं. बैलं फिरून राह्यले होते, मी मागं मागं. कुसळ उडालं अन् डोळ्यात गेलं. तेवढंच. कोणी हात लावला नसता तं आसवासंग निंगून बी गेलं असतं. पण माझ्या मायनं शेजारच्या बाळंतिणीचं दूध आणून टाकलं. मामानं कोणता तरी पाला चोळून टाकला. मंग एक जण म्हणे जिभेनं काढतो, त्यानं जीभ फिरवली. समदे चांगल्यासाठीच करून राह्यले होते. होळीपर्यंत डोळ्यात फूल पडलं, पांढरंफट. तवापासून डावीकडून कोणी आलं का मी दचकतो.

म्हणून सांगतो बाई, डोळ्याले हात लावू नोको. चष्मा लागते तं लागू दे. दोन घे, चार घे, समदे गळ्यात बांध.

आपल्या शेजारचा सोमाजी पळसाच्या मुळ्या खणून त्याचा अर्क काढते. डोळ्याले लय गुणकारी म्हणते, चष्मे जातात. एक शिशी बसच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवून राह्यलो. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब टाकजो. यात सुरी नाई, कात्री नाई, झाडाचं पाणी आहे.

तुझा बाप
श्रावण

*

कोसमटोला
१९ जुलै २००३

ती. बाबांना जयभीम.

बघा, मोठं लिहिलं. आता एका अंतर्देशीय पत्रात चार ओळी मावतील, मग म्हणू नका पोरगी थोडंच लिहिते.

शिशी पोचली. मी ती नाल्यात ओतली. राग येऊ द्या. बाबा, मुळ्यांना माती असते, मडक्याला बुरशी असते, सोमाजीकाकांच्या हाताला तंबाखू असते. तुमचा डोळा ज्याने गेला तेच तुम्ही मला बाटलीत भरून पाठवलं, हे तुम्हाला कसं कळत नाही? तुम्ही स्वतः तर घालत नाही ना? खरं सांगा.

मी नागपूरला जाऊन तपासून आले. डॉक्टर चांगले वाटले, घाई करत नाहीत. बुबुळाची जाडी मोजली, पुरेशी आहे. कसं करतात ते सांगते म्हणजे तुमची धास्ती जाईल. डोळ्यात थेंब घालून बधिर करतात. बुबुळावरचा एक पातळ पापुद्रा उचलून बाजूला करतात, लेझरने खालचा भाग थोडा घासतात, आणि पापुद्रा परत बसवतात. टाका नाही. दहा मिनिटांचं काम. काहींचे डोळे कोरडे पडतात, दिव्याभोवती वलय दिसतं, ते पुढे कमी होतं. फार क्वचित जंतू शिरतात. ते तर साध्या जखमेतही शिरतात.

२० ऑगस्टची तारीख दिली आहे. तुम्ही आदल्या दिवशी परस्पर नागपूरला या.

दामिनी

*

मूल
३० जुलै २००३

चि. दामिनी,
जयभीम.

मी काऊन टाकू तो अर्क? माझा उजवा डोळा खणखणीत आहे. मिलच्या फाटकावर बसून अजून बी ट्रकचा नंबर वाचतो. तू माझी काळजी नोको करू.

तुझ्या पत्रानं धास्ती जाते म्हणतेस. पापुद्रा हा शब्द वाचलो अन् पत्र खाली ठेवून देलो. काल कांदा चिरून राह्यलो होतो, हात थांबला. तसाच कांदा ठेवून उठलो, कोरडी भाकर खाल्ली. एवढा मोठा माणूस कांद्याले भ्याला, हास आता.

तू म्हणतेस दहा मिनिटाचं काम. कुसळाले एक मिनिट बी लागलं नव्हतं.

मले एक सांग. पापुद्रा परत बसवते म्हणतेस, तो बसलाच नाई तं? त्या मशीनची लाईन गेली तं? मूलची लाईन तं दिवसातून चारदा जाते. नागपूरची जात नाई, असं म्हणशीन. पण गेली तं? मी मिलच्या बाकावर बसलो का हेच डोक्यात फिरते. समोरून कोणी जयभीम घातला तं मले ऐकू येत नाई. लोक म्हणतात श्रावणभाऊ मिजासखोर झाले.

तुझी माय गेली तवा मी म्हटलो होतो, पोट्टी आहे, निभते. आता तुले काही झालं तं काय म्हणू? पाऊस जाऊ दे, धान घरात येऊ दे, मंग पाहू.

बाबा

*

कोसमटोला
२८ सप्टेंबर २००३

ती. बाबांना जयभीम.

तुमच्या मनासारखं झालं. ऑगस्टमध्ये नदी पुलावरून वाहत होती, बसच नव्हती. दुसरी तारीख या महिन्यात घेतली होती, पण सुट्टी मंजूर झाली नाही. हिवतापाची साथ आहे, रक्ताचे नमुने घेत गावोगाव फिरते आहे. आता बघू दिवाळीनंतर.

पंधरा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊ. मी आदल्या दिवशी मूलला येते, दुपारच्या बसने. स्टँडवर घ्यायला या. आणि भाजीला वाळलेले बोंबील आणून ठेवा, इथे खाऊन खाऊन भात आणि डाळ एकसारखेच लागायला लागलेत.

दामिनी

*

कोसमटोला
२६ ऑक्टोबर २००३

बाबा,

जयभीम लिहिते, पण रागात आहे.

मी बसमधून उतरले तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी हात केला. तुम्ही हसलात, पुढे आलात, आणि माझ्या शेजारून जाऊन एका परक्या बाईच्या हातातली पिशवी घेतलीत. "दामिनी, किती वाळली वं," म्हणालात तिला. ती घाबरून ओरडली. लोक जमले. आणि मी दोन हातांवर उभी होते, बाबा. 

मग जवळ आले तेव्हा तुमचा डोळा पाहिला. लालभडक, पाणी गळतंय. घरी फळीवर शिशी सापडली, अर्धी संपलेली. मी विचारलं होतं. तुम्ही खणखणीत लिहिलंत. ट्रकचे नंबर म्हणे.

दीक्षाभूमी राहिली आणि आपण नागपूरला गेलो. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत, तरी परत लिहिते, कारण तुम्ही तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला होतात. त्या अर्काने बुबुळावर जखम झाली होती. आणखी आठवडाभर तुम्ही तो घातला असता तर याही डोळ्यात फूल पडलं असतं. जखम भरते आहे. पण आत मोतीबिंदू पिकलाय, म्हणून लांबचं दिसत नाही. जखम पूर्ण बरी झाली की दोन-अडीच महिन्यांनी त्याचं ऑपरेशन करायचं. आणि तुम्ही काय केलंत? डॉक्टर लिहून देत होते, मी औषध आणायला खाली गेले, तेवढ्यात तुम्ही बाहेर जाऊन रिक्षात बसलात. 

तुम्हाला एकच डोळा आहे. माझे दोन. आपल्या घरात सगळे मिळून तीन डोळे आहेत, बाबा, आणि त्यातला एक तुम्ही सोमाजीकाकांच्या मडक्यात बुडवत होतात. मला फार भीती वाटली तुमच्यासाठी. अजून वाटते. थेंब वेळेवर घाला. ऑपरेशनला हो म्हणा.

दामिनी

*

मूल
९ नोव्हेंबर २००३

चि. दामिनी,

ओळीवर ओळ चढली असन तं समजून घेजो.

चुकलं माझं. थेंब टाकून राह्यलो. लाली गेली. सोमाजी दोनदा येऊन गेला, त्याले दारातूनच वापस लावलो. तो बिचारा रडाले लागला, म्हणे भाऊ, मी तं तुमच्या भल्यासाठीच देलो. मले माझी माय आठवली.

मी तुले काऊन नाई सांगितलो, ऐक. दीड-दोन वर्सापासून समोरचं धुकं धुकं दिसे. मी म्हटलो, वय झालं. मंग तू लेझर काढलं. मले वाटलं, आपण हा अर्क टाकावा, आपला डोळा साफ झाला का तुले दाखवावा, पाह्य, बिना सुरीचा होते. मंग तू नागपूरले जात नाई. म्हणून रोज टाकलो. जास्त जळे तं वाटे, लागू पडून राह्यला.

आता ऑपरेशनचं. बाई, माझा हा एकच आहे. तुझे साडेसात नंबरचे का होईना दोन आहेत, एकाचं काही बिघडलं तं दुसरा आहे. माझ्याजवळ दुसरा नाई. डॉक्टरनं विचारलं, सही करता काय, अन् मले एकदम समदं काळं दिसाले लागलं. खरंच काळं. म्हणून रिक्षात जाऊन बसलो. त्या रिक्षावाल्याले मी कुठी जायचं ते बी सांगू शकलो नाई.

तरी बी करतो. पण माझी एक अट आहे. तू लेझर करणार नाई असं मले वचन दे. घरात एकाच्या डोळ्याले सुरी लागली तं मी सोसीन. दोघायच्या नाई. तुझी तारीख बी दोनदा गेली, तुले बी माझं म्हणणं थोडंफार पटलंच असन.

बाबा

*

कोसमटोला
१७ नोव्हेंबर २००३

ती. बाबांना जयभीम.

दिलं वचन. लेझर करणार नाही.

आता तुम्ही शब्द फिरवू नका. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. मी सुट्टी टाकली आहे, आठ दिवस तुमच्याजवळ राहीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन साधं असतं. काही होत नाही. मी आहे ना.

दामिनी

*

मूल
८ फेब्रुवारी २००४

चि. दामिनी,
माझ्या लेकीले जयभीम.

हे पत्र मी खुर्ची अंगणात टाकून लिहून राह्यलो. समोरच्या घराच्या कवेलूच्या छपरावर मांजर बसली आहे. तिचा एक कान कापलेला आहे. मले वाटे ते काळी मांजर आहे. करडी आहे.

पट्टी काढली तवा तू समोर उभी होती. डॉक्टर विचारून राह्यला होता, किती बोटं आहेत. मी बोटं पाह्यलेच नाई, तुलेच पाहून राह्यलो होतो. तुझा चष्मा एवढा जाड आहे हे मले माहीत नव्हतं वं. काचेमागं तुझे डोळे बारीक बारीक, तू तिसरीत होती तवासारखे. नाकाच्या दोन्ही बाजूनं खड्डे पडले, काळे झाले. हे घेऊन तू नाले ओलांडतेस. अन् मी इथी बसून लिहो, चार चष्मे गळ्यात बांध.

पण तुले लिहाची गोष्ट दुसरीच आहे. मले आत नेत होते तवा तू माझा हात धरला होता. म्हणत होती, बाबा काही नाई होत, साधं आहे. अन् हात तुझाच कापून राह्यला होता. मी समजलो, बापासाठी भेली. डॉक्टरनं झुकू नोको, उचलू नोको म्हटलं आहे, म्हणून तू परत गेल्यावर दिवसभर खाटेवर पडून राह्यतो. विचार कराले लय वेळ भेटते.

मी वचन मागितलो अन् तू पुढच्याच पत्रात देऊन टाकलं. दोन ओळीत. जे पोट्टी नर्सिंगले जायसाठी बापासंग महिनाभर बोलली नाई, ते लेझरसाठी एकदा भांडली बी नाई? ऑगस्टात नदी आली, मानलो. सप्टेंबरात सुट्टी नाई म्हणे, मंग दीक्षाभूमीसाठी पंधरा दिवसात कशी भेटली? तवा मले तेवढं सुचलं नाई, आता सुचलं. दामिनी, तू माझं ऐकून थांबली असं मी समजत होतो. छाती फुगवून फिरत होतो, का लेक बापाचा शब्द मानते. तू माझा शब्द नाई मानला. तू माझ्या भेवाच्या मागं जाऊन लपली.

लप बाई. लपायसाठीच बाप असते. तुझ्यावर राग नाई माझा. पण ते सुकरी पडली होती तवा तू कोणाच्या मागं लपली असती? अन् उद्या दुसरी कोणी सुकरी असन.

मी तुझं वचन वापस देतो. कर म्हणून सांगत नाई, माझं भेव अजून गेलं नाई. नोको करू असं बी म्हणत नाई. तुझे डोळे, तू ठरव. फक्त माझ्यासाठी थांबली असं कोणाले सांगू नोको. मले बी नाई.

बाबा

*

कोसमटोला
१९ फेब्रुवारी २००४

बाबा,
जयभीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा लसीकरण चालू होतं. बायका रांगेत बसल्या होत्या, मी पत्र वाचत उभी राहिले, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडले. सुकरीची मुलगीही आली होती त्या दिवशी. सुई टोचायच्या आधी मी तिला म्हणाले, भिऊ नको, काही होत नाही. रोज म्हणते. दिवसातून कितीदा म्हणते देव जाणे.

सप्टेंबरात सुट्टी मिळाली होती. मी नागपूरला गेले होते, एकटी, तुम्हाला न सांगता. तुम्ही नाहीतरी नकोच म्हणाला असतात. डोळ्यात थेंब घातले, डोक्याला हिरवी टोपी बांधली. एक डोळा बधिर झाला, मी पापणीला बोट लावून पाहिलं तर ती माझी नव्हतीच. आतून नाव पुकारलं. मी उठले, चष्मा घातला, चपला घातल्या आणि जिना उतरून रस्त्यावर आले. टोपी तशीच डोक्यावर होती. एका चहावाल्याने सांगितलं तेव्हा काढली. त्यानंतर तुमचं वचनाचं पत्र आलं आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, बरं झालं, आता बाबांनीच नको म्हटलंय.

मला कसली भीती वाटते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या झोपडीत जे लाल धुरकट दिसत होतं ना, ते कायमचं राहील याची. चष्मा घातला तरी जाणार नाही असं. मग मी कुणाच्या बाळंतपणाला जाणार, आणि तुम्हाला कोण बघणार. रात्री कंदील विझवला की तेच डोळ्यांपुढे येतं.

पण परवा पुन्हा झिंगूच्याच टोल्यावरून बोलावणं आलं, त्याच्या भावजयीसाठी. सगळं नीट पार पडलं. मात्र पूर्ण वेळ माझा एक हात चष्म्याच्या दांडीवर होता. बाईला दोन हात लागतात बाबा, आणि मी तिला एकच दिला.

म्हणून तारीख घेतली आहे. ६ मार्च, शनिवार. पावसाळ्याआधी पुढच्या तपासण्या होऊन जातील, तेवढे दिवस रस्ता बंद व्हायची काळजी नाही. डॉक्टरांना मी फोनवर विचारलं, आधी एकच डोळा कराल का. ते म्हणाले, करू, दुसरा तुला वाटेल तेव्हा. उजवा सांगितला आहे. काही बिघडलंच तर डावा राहील. एका डोळ्यावर माणूस मिलमध्ये आयुष्यभर राबतो, बायको गेल्यावर एकट्याने मुलीला वाढवतो, नर्स करतो. हे मी घरीच पाहिलंय.

तुम्हाला अजून दगदग करायची नाही, माहीत आहे. बसमध्ये खिडकीजवळ बसू नका, धूळ येते, काळा चष्मा लावा. पिशवी उचलू नका. दवाखान्याच्या बाहेर जिन्यापाशी बाक आहे, तिथे बसा. मी उठून पळायला लागले तर त्याच जिन्याने खाली येईन. तुम्ही तिथे बसलेले दिसलात तर बहुतेक परत वर जाईन.

मी आजवर तुम्हाला सगळ्या पत्रांतून भीती नाही, भीती नाही असंच लिहीत आले.

मले लय भेव लागते, बाबा. तुमी या.

दामिनी